पावणेआठला वाजलेली सातची घंटा

बन्सी फावडं खांद्यावर घेऊन दारात उभा राहिला, तेव्हा त्याच्या पायांना चिखल नव्हता. तक्रार तीच होती. ज्याच्या गव्हाला पाटाच्या पाण्याची बारी आहे त्याचे पाय या वेळी घोट्यापर्यंत भरलेले असायला हवेत, आणि बन्सीचे पाय खडखडीत कोरडे होते.

“सलाम गुरुजी. एक इचारू का? रागावू नका.”

“विचार की.”

“आज सात किती वाजता वाजले?”

सहादू गुरुजी नुकतेच चर्चची घंटा वाजवून आले होते. हाताला अजून दोराची रग होती. घर आणि चर्च यांच्यामध्ये एक कडुनिंब आणि वीस पावलं. भिंतीवरच्या घड्याळात सातला पाच कमी झाले की गुरुजी चपला घालत आणि सातला दोर ओढत. एकतीस वर्षं हे चाललं होतं. घंटा चर्चची असली तरी गाव तिला आपलीच समजायचं. पाण्याच्या बाऱ्यासुद्धा तिच्यावर बदलायच्या, कारण बन्सीचं आणि त्याच्या चुलतभावाचं, गोरक्षचं, एकमेकांशी दोन पिढ्या पटलेलं नव्हतं आणि दोघांच्या मनगटावरच्या घड्याळांचंही पटत नव्हतं.

“सातला सातच वाजतात, बन्सी,” गुरुजी म्हणाले आणि त्यांनी भिंतीकडे बोट केलं.

घड्याळात सात वाजून दहा मिनिटं झाली होती. त्याच्यासमोर राहीबाई स्टुलावर उभ्या राहून फडक्यानं काच पुसत होत्या. रोज या वेळी त्या काच पुसायच्याच. बन्सीला पाहून त्या खाली उतरल्या.

“माझ्यात आठला पाच कमी हायेत,” बन्सी मनगट पुढं करत म्हणाला. “म्हनलं, माझं घड्याळ पळत आसंल. प्रज्ञाताई, तुझ्यात बघ बरं.”

नातीला, प्रज्ञाला, दहावीचं वर्ष म्हणून मामानं पंधरा दिवसांपूर्वी आकड्यांचं घड्याळ दिलं होतं. तिनं बघितलं आणि आवाज खाली आणून म्हणाली, “सात पंचावन्न, आजोबा.”

“पाऊन तास!” बन्सी म्हणाला. “पाऊन तास माझं पानी गोरक्ष्याच्या गव्हात गेलं. त्यो फावडं रोवून उभा हुता, म्हनं घंटा झाल्याबिगर दारं मोडून पानी तुझ्याकडं वळवनार न्हाई, देवाचा हुकूम हाय. मला एवढंच सांगा गुरुजी, तुमचा देव गोरक्ष्याच्या बाजूला कवापास्नं गेला?”

आतल्या खोलीत धाकटा चेतन फिस्सकन हसला आणि पटकन खोकला. थोरला सुनील साखर कारखान्यातून येऊन दारातच सायकल पुसत होता. तो चाकाच्या एकाच आरीला तीनदा पुसू लागला.

गुरुजी मात्र हसले नाहीत.

“चूक माझी आहे,” ते म्हणाले. “या पंधरवड्यात घड्याळ चार वेळा चुकलं. कधी पुढं, कधी मागं. राहात्याला नेऊन दाखवलं, तर घड्याळजी म्हणाला, यंत्र ठणठणीत आहे. मग राहिलं कोण? चावी मी देतो, काटे मी लावतो. यंत्र ठणठणीत असेल तर लावणारा बिघडला.”

“आवं, काय तरीच!”

“चर्चमधल्या म्हाताऱ्या काकासाहेबदादांचं विसरणं असंच सुरू झालं होतं. शनिवारी कोट घालून चर्चला गेले आणि बंद दारासमोर बसून राहिले. त्या वेळी मी हसलो होतो.” गुरुजींनी खुंटीवरचा मफलर उगीचच काढून पुन्हा अडकवला. “रविवारी दोर कमिटीच्या हवाली करतो. आपला श्रीमंत कमिटीचा सेक्रेटरी झाल्यापासून भोंगा लावू म्हणतोच आहे. लावा म्हणावं.”

बन्सीच्या खांद्यावरचं फावडं आपोआप खाली आलं. “गुरुजी, पाऊन तासानं गहू काय वाळत न्हाई. मी आपलं गंमतीनं...” त्यानं मदतीसाठी राहीबाईंकडे पाहिलं. राहीबाई हातातल्या फडक्याची घडी घालत होत्या. घालून झाली की मोडून परत घालत होत्या.

अंगणवाडीची मीटिंग आटोपून थोरली सून भारती दारात आली, ती नेमकी याच वेळी. तिनं बन्सीकडे पाहिलं, मग घड्याळाकडे, मग मनगटाकडे. तिच्या तोंडून “अगं आई!” निघालं आणि तिनं ते पदरात धरलं.

---

त्या घरी रोज साडेसातला प्रार्थना होई. जेवण त्यानंतर. गुरुजी पवित्र शास्त्रातला, म्हणजे बायबलातला, अध्याय वाचत, एक गाणं होई, आणि मग डोळे मिटून प्रत्येकानं आपल्या शब्दांत प्रार्थना करायची. डोळे मिटलेले, मधे कुणी बोलायचं नाही, आणि प्रार्थनेत बोललेलं जेवणाच्या ताटावर आणायचं नाही, असा नियमच होता. त्यामुळे झालं असं की घरातली निम्मी भांडणं देवाच्या मार्फत होऊ लागली. मागच्याच आठवड्यात भारतीनं ‘पलंगावर ओला टॉवेल टाकणाऱ्यांना सुबुद्धी दे’ अशी प्रार्थना केली, तर तिच्या मागून चेतननं ‘आमटीत तिखट टाकणाऱ्यांचा हात आवर’ अशी विनवणी केली. गुरुजींची प्रार्थना तर आफ्रिकेतल्या दुष्काळापर्यंत जाऊन परत यायची. फक्त राहीबाईंचं कुणाशी काही नसे. “बापा, समद्यांना सुखी ठेव. आमेन.” तेवढंच. चेतन या प्रार्थनेला ‘आईचा विनंती थांबा’ म्हणायचा, म्हणजे एस.टी. थांबते न थांबते तोच निघते.

बन्सी येऊन गेला त्या मंगळवारी गुरुजींनी पहिल्यांदाच अध्याय वाचला नाही. “सुनील, तू वाच,” म्हणाले आणि भिंतीला टेकून बसले.

शुक्रवारी संध्याकाळी भारतीनं नवऱ्याला मागच्या अंगणात हातपंपाजवळ गाठलं. पंपाच्या आवाजात बोललेलं घरात ऐकू जात नाही, हे तिला सतरा वर्षांच्या संसारानं शिकवलं होतं.

“ऐका. रागवायचं न्हाई.”

“काय केलंस?”

“घड्याळ मी पुढं करते. रोज दुपारी. दहा मिनिटं.” एकदा सुटल्यावर तिला थांबवेना. “अहो, साडेसातची प्रार्थना आठ वाजले तरी संपत न्हाई. माझी आठची मालिका! रोज अर्धी बघते मी. कोन मेलं, कोन जित्तं झालं, काय कळत न्हाई. म्हनलं, दहा मिनिटं आधी सुरू झाली तर देवाचं काय जातंय?”

सुनीलनं पंपाचा दांडा सोडून दिला.

“तू पुढं करतीस?”

“सांगते ना.”

“अगं बाई, मी मागं करतोय! रोज सकाळी, कारखान्याला जाताना. हंगाम सुरू झाल्यापास्नं मला घरी यायला साडेसात हुतात. हातपाय धुयाला, चहाला दहा मिनटं नकोत?”

महिनाभर एकाच काट्याला नवरा सकाळी मागं ढकलत होता आणि बायको दुपारी पुढं. रोज रात्री एका खोलीत झोपून दोघांना त्याचा पत्ता नव्हता.

“म्हंजी रोजचं बरोबरच हुतं,” भारती बोटांवर मोजत म्हणाली. “तुमची रविवारची सुट्टी आसली की दहा पुढं. मी मीटिंगला गेले की दहा मागं. मंगळवारी मी नव्हते. पर मग दहाच व्हाया पायजे. पाऊन तास कसा?”

“चेतन,” दोघं एकदमच म्हणाले.

चेतन राहात्याला टायपिंगच्या क्लासात शिकवायचा आणि मंगळवारी त्याचं डोकं दुखत होतं, हे आता दोघांना आठवलं. त्याला पेरूच्या झाडाखालून ओढून आणलं. त्यानं आधी दोन मिनिटं अपमान झाल्याचं नाटक केलं.

“एकदाच!” तो शेवटी म्हणाला. “वीस मिनिटं. शेवटची दहा षटकं राहिली होती, दादा. तू असतास तर तूही केलं असतंस.”

“मी असलं काय करत न्हाई.”

“भावजी, हे महिनाभर करत्यात,” भारती म्हणाली. आत्तापर्यंत ती नवऱ्याच्या बाजूला उभी होती, आता दोन पावलं सरकून दिराच्या बाजूला आली.

“आणि वहिनी?”

“माझं वेगळं. मी पुढं करते. देवाला आधी येळ देते.”

चेतननं हात जोडले. “धन्य. दहा आणि वीस तीस. पंधरा मिनिटं कुणाची?”

सगळ्यांच्या नजरा प्रज्ञाकडे वळल्या. ती पायरीवर पुस्तक उघडून बसली होती आणि बराच वेळ पान उलटलं नव्हतं.

“माझी नाहीत,” ती म्हणाली. “मला फक्त माहीत होतं. आईचं दोनदा बघितलं, पप्पांचं एकदा. पण तुम्ही आधी कडुनिंबाकडं चला. आवाज करू नका.”

कडुनिंबाच्या पाराशी गुरुजी पाठमोरे उभे होते. हात मागे बांधलेले, वर्गात उभे राहत तसे. हळू आवाजात ते म्हणत होते, “एकोणतीस, अठ्ठावन्न, सत्त्याऐंशी...” पाढा पुरा झाला. मग सत्तरच्या साली सातवीला असलेल्या मुलांची हजेरी सुरू झाली. चौदाव्या नावाशी ते अडले. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. पुन्हा चौदाव्याशी अडले आणि तळहातानं कपाळ चोळत उभे राहिले.

“रोज करतात,” प्रज्ञा म्हणाली. “डोकं शाबूत आहे का बघतात.”

चेतनचा विनोद कुठल्या कुठे गेला. सुनील परत जाऊन पंपाशी बसला.

“सांगावं लागंल,” तो म्हणाला.

“तुम्ही सांगा. थोरले तुम्ही.”

“मी? एकतीस वर्सं ज्या मानसानं घंटा चुकवली न्हाई, त्याला तोंडावर सांगू का, की तुमच्या घरात समदे चोर हायेत?”

“मग उद्या प्रार्थनेत सांगू,” भारती म्हणाली. “डोळं मिटल्यालं आसत्यात.”

---

शनिवारी गुरुजींनी घड्याळाला चावी दिली नाही. किल्ली त्यांनी पाकिटात घालून वर श्रीमंतचं नाव लिहून ठेवलं. किल्लीचं श्रीमंतला काय करायचं होतं कोण जाणे, पण द्यायचं तर सगळंच द्यावं, असा त्यांचा स्वभाव.

साडेसातला सगळे सतरंजीवर बसले. गाणं झालं. डोळे मिटल्यावर गुरुजींना बरं वाटलं. डोळे मिटून बसायला फार अक्कल लागत नाही, हे तरी आपल्याला जमेल.

“हे प्रभू,” सुनीलनं सुरुवात केली, “तू सर्व जाणतोस. सायकलची चेन पडते ती पण जाणतोस. प्रभू, मी रोज सकाळी अण्णांच्या घड्याळाचा काटा दहा मिनटं मागं सारला. अण्णांचं डोकं शाबूत हाय. मला क्षमा कर. आमेन.”

गुरुजींच्या पापण्या हलल्या.

“हे दयाळू बापा,” भारतीचा आवाज आला, “तोच काटा मी रोज दुपारी पुढं सारला. नवऱ्यानं मागं केल्याला मी पुढं करते, हे मला काल कळलं. मालिकेचा मोह सुटंना, बापा. अण्णांचं काहीच चुकल्यालं न्हाई. आमेन.”

“वीस मिनिटं, प्रभू,” चेतन म्हणाला. “फक्त मंगळवारी. आपण मॅच हरलो, त्यामुळं शिक्षा मिळाली आहे असं मी धरतो. अण्णांनी मला माफ करावं. म्हणजे तू करावंस, आणि अण्णांनीही. आमेन.”

“मला सगळं माहीत होतं आणि मी बोलले नाही,” प्रज्ञा भरभर म्हणाली. “आमेन. आणि अजून पंधरा मिनिटं सापडलेली नाहीत. आमेन.”

आता राहीबाईंची पाळी. विनंती थांबा. गुरुजींनी आपल्या प्रार्थनेसाठी घसा साफ करायला घेतला.

“बापा,” राहीबाई म्हणाल्या आणि थांबल्या. “ती पंधरा मिनटं माझी हायेत.”

गुरुजींचा घसा तसाच राहिला.

“अकरा वर्सं झाली. संध्याकाळची घंटा झाली का मी काच पुसते आन काटा मागं घेते. सकाळी धार काढून आले का परत पुढं करते. घंटेला कंदी धक्का लावला न्हाई. मंगळवारी पहाटं रंगुबाईच्या सुनंचं पोट दुखाय लागलं, तिकडं गेले, आन पुढं करायचं ऱ्हाऊन गेलं. भारतीची मालिका बुडती ती माझ्यापायी. साडेसातची प्रार्थना हितं अकरा वर्सं पावनेआठला हुतीय.”

कुणीतरी श्वास आत ओढला. बहुतेक भारतीनं.

“तू म्हनशील, राही, चोरी कशापायी? बापा, ह्या घरात तुझी येळ ठरल्याली हाय, पर ती समद्यांची हाय. मी हितं बसते, पर ध्यान चुलीवर आसतं. कालवन लागंल का, म्हस सुटंल का. हे अध्याय वाचत्यात, मला भाकरीचा वास येतो. मग एक दिस शेवटची भाकरी उतरली, आन कुनाचीच हाक आली न्हाई. मी गोठ्यात जाऊन पालथ्या पाटीवर बसले. लई बरं वाटलं. दुसऱ्या दिशी तेवढी येळ काय सापडंना. म्हून घेतली.”

पाकिटातली किल्ली गुरुजींच्या खिशात होती. ती त्यांना एकदम टोचायला लागली.

“पयले आठ दिस काय बोलावं कळंना. नुसती बसले. मग बोलाय लागले. आता तर कंदी कंदी म्हशीच्या दुधाचंच बोलतो आपुन. ह्यांस्नी सांगाय पायजे हुतं. पर सांगितलं आसतं तर ह्यांनी त्या पंधरा मिनटांची बी घंटा लावली आसती.”

चेतनच्या बाजूनं एक विचित्र आवाज आला. त्यानं तोंडावर सतरंजीचं टोक धरलं असावं.

“हे चार दिस पारापाशी हजेरी घेत्यात, ते मी गोठ्यातनं ऐकते. चौदावा बबन हाय, बापा. ह्यांना आठवत न्हाई, कारन बबन शाळंत येतच नव्हता. ह्यांचं डोकं जाग्यावर ऱ्हाऊ दे. मला काय शिक्षा द्यायची ती दे. पर ती पंधरा मिनटं घिऊ नको. आमेन.”

गुरुजींनी डोळे उघडले. नियम त्यांचाच होता आणि तो त्यांनीच मोडला. समोर पाच माणसं डोळे गच्च मिटून बसली होती, शाळेत छडीची वाट बघणारी पोरं बसतात तशी. राहीबाईंच्या नखांत पीठ होतं. आधी गुरुजींना सुटल्यासारखं वाटलं. आपलं डोकं जागेवर आहे, बबन शाळेत येतच नव्हता. मग त्यांना लाज वाटली. एकतीस वर्षं त्यांनी गावाला वेळ दिली, घराला देवासाठी बसवलं, आणि हाताच्या अंतरावर बसलेल्या बाईला देवाशी बोलायला वेळ चोरावा लागला. आपण तिला कधी विचारलंही नाही.

आता त्यांची पाळी होती. आफ्रिकेतला दुष्काळ, देशाचे पुढारी, चर्चचे पाळक, कमिटी सगळे वाट बघत होते. गुरुजींनी डोळे मिटले.

“बापा,” ते म्हणाले, “समद्यांना सुखी ठेव. आमेन.”

---

रविवारी श्रीमंत भोंग्याचं दरपत्रक घेऊन आला, त्याला गुरुजींनी चहा पाजून परत पाठवलं आणि पाकिटातली किल्ली काढून घड्याळाला चावी दिली. संध्याकाळी त्यांनी घंटा वाजवली. प्रज्ञाच्या घड्याळात सात, बन्सीच्यात सात, आणि गोरक्षच्या घड्याळात काय होतं ते त्याचं त्याला माहीत. पाटाकडून बन्सीची आरोळी आली, “झाले बरं का गुरुजी, सात!”

घरी आल्यावर गुरुजींनी घड्याळाकडे पाहिलं. काटा जागच्या जागी होता, काच पुसलेली नव्हती. राहीबाई चुलीपुढं शेवटची भाकरी उलटत होत्या आणि नवऱ्याकडे बघायचं टाळत होत्या.

“अगं,” गुरुजी तिला म्हणाले. “आता प्रार्थना पावणेआठला. भारती, तुझी मालिका अर्धीच बघावी लागेल.”

“चालंल अण्णा,” भारती म्हणाली. “तसंबी त्यातलं कुनी मरत न्हाई.”

राहीबाईंनी भाकरी उतरवली, हात धुतले आणि पदराला पुसत मागच्या दारानं गोठ्याकडे गेल्या. या वेळी लपतछपत गेल्या नाहीत, पण घाईनं गेल्या.

पाचच मिनिटांत भारतीनं उकळत्या आमटीवरून मान वर केली. “बाई, मिठाची बरणी रिकामी! नवी पिशवी आईंनी कुठं ठेवली?” आणि सवयीनं तिनं मागच्या दाराकडे तोंड केलं, “आई...”

“हाक मारू नकोस,” गुरुजी बाहेरून म्हणाले.

ते उठले आणि स्वयंपाकघरात आले. पाणी मागण्यापुरतं सोडलं तर ते कधी उंबरा ओलांडून आत आले नव्हते. त्यांनी एकेक डबा उघडून पाहिला, मोतीबिंदूच्या डोळ्यांशी नेऊन, वर्गातल्या वह्या तपासाव्यात तसा. चौथ्या डब्याशी त्यांचा चेहरा उजळला.

“हे बघ. शोधलं की सापडतं,” ते म्हणाले आणि कुणी काही म्हणायच्या आत त्यांनी एक मूठ आमटीत सोडली.

तो डबा सुनीलला कारखान्यातून मिळालेल्या साखरेचा होता. भारतीनं तोंड उघडलं. मग तिनं गोठ्याकडे पाहिलं, सासऱ्यांकडे पाहिलं, आणि पळी घेऊन आमटी ढवळायला लागली.

त्या दिवशीची आमटी गोड झाली. कुणी तक्रार केली नाही, दुसऱ्या दिवशीच्या प्रार्थनेतसुद्धा नाही.